वाटी भरलेलीच होती

बाजारामागच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या संपल्या म्हणून माणसं खिडक्यांत चढून बसलेली, आणि सगळ्यांचे डोळे एका वाटीवर. वाटीत हिरवागार रस. वाटीमागे रसस्वामी.

"मेंदूला गंज चढतो," स्वामी सांगत होते. "गंज काय गोळ्यांनी निघतो? माझ्या पाल्यातले अणू मेंदूत शिरतात आणि एकेक आठवण घासून लखलखीत करतात. विज्ञानाला हे आत्ता कळतंय. पाल्याला आधीपासूनच ठाऊक होतं."

पाल्याला काय काय ठाऊक होतं हे ऐकून मागच्या रांगेत थोरली दातओठ खात होती. थोरली म्हणजे शिंपीअण्णांची मोठी मुलगी. अण्णांना स्मृतिभ्रंश झाल्यापासून दुकान तीच बघायची. आज मशीनवरून तशीच उठून आल्यामुळे गळ्यात मोजपट्टी लटकत होती. शेजारी अण्णा, आणि अण्णांचा हात घट्ट धरून आई.

आई-लेकीचं भांडण घरीच होऊन गेलं होतं. डॉक्टरच्या गोळ्या आणि आमचा रस एका पोटात नांदत नाहीत, असं स्वामींच्या चेल्याने सांगितलं आणि आईने गोळ्या बंद करून टाकल्या. तेव्हापासून अण्णा जास्तच भरकटले. इस्त्री फ्रीजमध्ये सापडायची आणि दूध शर्टांच्या कपाटात. आईचं मात्र एकच, ह्यांनी एकदा मला ओळखावं. कारण अण्णा तिला हल्ली गिऱ्हाईक समजायचे. सकाळी ती चहा घेऊन गेली की अदबीने म्हणायचे, "बाई, तुमचे कपडे मंगळवारी मिळतील." आणि ती बिचारी म्हणायची, "चालेल."

त्या "चालेल"ने थोरलीला रडू यायचं. आणि रडू आलं की ती भांडायची.

हॉलच्या दारात चेल्याने गोड हसून विचारलं होतं, काका पूर्वी काय करायचे? आईने सांगितलं, शिंपी. लगेच तो खांद्यावरच्या पिशवीत चाचपायला लागला. पिशवीतून खडू, शिट्टी, गवंड्याची थापी असं काय काय डोकावत होतं. हा रस विकतो की भंगार, असं थोरलीच्या मनात आलं, पण आईने डोळे वटारले म्हणून ती गप्प बसली.

आधी एक म्हातारे गुरुजी स्टेजवर गेले. स्वतःच्या सुनेला "आपण कोण?" विचारत होते ते. रस पाजला, हातात खडू दिला, आणि गुरुजींनी एकोणतिसाचा पाढा असा धडाधड म्हटला की हॉल हादरला. मग रिटायर कंडक्टर. रस पोटात गेला, गळ्यात पिशवी आली, तोंडात शिट्टी. ते सरळ स्टेजवरून उतरून रांगांमधून फिरायला लागले. सगळे स्टॉप ओळीने सांगितले. "पुढे सरका, दारात गर्दी नको," म्हणाले, तर लोक खरंच पुढे सरकले. एका बाईने तर पर्स उघडली.

टाळ्यांचा नुसता कडकडाट. आईने डोळे पुसले.

थोरली मात्र विचारात पडली. परवा गॅसवाला आला होता. सिलिंडर खाली ठेवायच्या आत अण्णांनी त्याच्या छातीचं माप घेऊन टाकलं होतं. तेव्हा अण्णा कुठला रस प्यायले होते?

अण्णांचा नंबर आला. चेला पिशवीतून मोजपट्टी काढत होता आणि स्वामी वाटी उचलून पाल्याचे गुण गात होते. तेवढ्यात थोरली तरातरा पुढे गेली आणि गळ्यातली मोजपट्टी अण्णांच्या हातात दिली.

अण्णांची पाठ एकदम ताठ झाली. हातात भरलेली वाटी, त्यामुळे स्वामींना हलता येईना. अण्णांनी स्वामींच्या खांद्यावर पट्टी टाकली. खांदा साडेसतरा, छाती चाळीस, असं खणखणीत आवाजात सगळ्या हॉलला ऐकवलं. मग पट्टी खाली आली.

"पोट आत ओढू नका, साहेब," अण्णा म्हणाले. "मागाहून बटण उडतं आणि समोरच्याच्या डोळ्यात जातं."

साहेबांनी पोट सोडलं. अण्णांनी आकडा सांगितला. हॉल इतका हसला की स्वामींनाही हसावं लागलं. पण गडी तयारीचा. लगेच हात वर करून म्हणाले, "बघा, बघा माझ्या रसाचा प्रताप."

"रस अजून वाटीत आहे," थोरली म्हणाली.

सगळ्यांनी वाटीकडे बघितलं. स्वामींनीही बघितलं. काठोकाठ भरलेली होती.

थोरली तेवढ्यावर थांबणारी नव्हतीच. तिने कंडक्टरला गाठलं आणि विचारलं, "काका, मघाशी स्टेजवर काय प्यायलात?"

कंडक्टरने तिला संशयाने न्याहाळलं. "ड्यूटीवर मी काही पीत नाही."

मग सगळा ताळमेळ लागायला लागला. गुरुजींची सून उभी राहून म्हणाली, पाढे तर मामंजी रोज अंघोळ करतानाही म्हणतात. बोलता बोलता तिचं तिलाच कळलं, म्हणजे हे रसाने नव्हतंच. स्वामी म्हणाले, नव्या आठवणी तिसऱ्या बाटलीनंतर येतात. सून म्हणाली, आमची पाचवी चालू आहे. मग स्वामींना आठवलं की दुसरीकडे कार्यक्रम आहे. त्यांची स्मरणशक्ती उत्तम होती.

दुसऱ्या दिवशी थोरली आईला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, हा आजार आधी ताज्या आठवणी खातो. जन्मभर हातांनी केलेलं काम, घोकलेले पाढे बरेच दिवस टिकतात. स्वामींनी जे शाबूत होतं तेवढंच विचारलं, आणि कामधंदा तर तुम्हीच दारात सांगितलात.

"म्हणजे झाडपाल्यात काहीच नसतं?" आईने विचारलं.

"असतं की. तुम्ही बंद केलेली गोळीच मुळात एका फुलाच्या कंदातून सापडली."

पण, बाईंनी समजावलं, शास्त्रज्ञांनी त्या कंदातून नेमकं औषध वेगळं काढलं, मापात बसवलं. शेकडो लोकांपैकी काहींना खरी गोळी दिली, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची, कोणाला कुठली ते कळू न देता. मग फरक मोजला. तरी ती गोळी काहींनाच थोडा आधार देते. गेलेलं परत आणत नाही, तसं औषध आज कोणाकडेच नाही. आणि आता ती पुन्हा कमी डोसपासून सुरू करायची, आपल्या मनाने नाही.

गेलेलं परत येत नाही, हे ऐकणं आईला जड गेलं. पण खोटं नव्हतं.

आता कोणी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवायची घाई नको. एवढंच विचारायचं, वाटी तोंडाला लागायच्या आधी काय होत होतं? फार शिकायला लागत नाही ह्याला.

संध्याकाळी आई दुकानात आली. अण्णांच्या हातात मोजपट्टी दिली आणि पाठ करून उभी राहिली. अण्णांनी माप घेतलं. डाव्या खांद्याशी त्यांचा हात थांबला.

"हा खांदा जरा उतरता आहे," ते म्हणाले. "इथे मी नेहमी एक बोट कापड जास्त सोडतो."

"नेहमी?"

"हो. हे आमच्या घरातलं माप आहे."

आईने न वळताच विचारलं, कपडे कधी मिळतील?

"मंगळवारी, बाई."

"चालेल," आई म्हणाली. थोरलीने मशीन जोरात चालवायला घेतलं.