भार्गवची आई

“थांबलास का रं? वाच की,” सावित्राबाई म्हणाली.

अंबाजीनं पान उलटलं होतं आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं होतं. समोर जांभळीच्या पारावर पंधरावीस माणसं बसलेली. सावित्राबाई सगळ्यांच्या पुढं, मांडीवर सूप, सुपात पावटे, आणि पावटे सोलणारा अंगठा शेंगेतच अडकलेला.

“अक्षर पुसाट हाय,” अंबाजी म्हणाला. “पानी द्या जरा कुनीतरी.”

फाटकाजवळच्या चहाच्या टपरीत मी असायचो, म्हणून पाणी मीच घेऊन गेलो. देता देता त्याच्या खांद्यावरून डोकावलो. पान एक्केचाळीस. अक्षर चांगलं ठसठशीत होतं. त्या ठसठशीत अक्षरात भार्गवची आई मरत होती.

अंबाजी हा मळवलीच्या फाटकावरचा गेटमन. दुपारी दोनला ड्यूटी सुटली की तो हातातला बावटा दुसऱ्याकडं द्यायचा आणि लोणावळ्याच्या वाचनालयातून आणलेलं पुस्तक घेऊन पारावर बसायचा. ड्यूटीवर त्यानं कधी कागदाच्या चिटोऱ्याकडंही पाहिलं नाही. आमच्या भाजे गावात वाचता येणारे आणखी दहाबारा होते, पण ते वाचायला लागले की माणसं उठून जात, आणि अंबाजी वाचायला लागला की उठलेली माणसं बसत. एकदा फाटक उघडून पाव तास झाला तरी गवताच्या दोन गाड्या रुळांच्या अलीकडंच उभ्या. गाडीवानांचं सोडा, पण प्रकरण संपेपर्यंत बैलांनीसुद्धा वैरणीला तोंड लावलं नाही. खोटं वाटत असेल तर बैलांना विचारा.

आता हा भार्गव कोण, ते सांगायला हवं. या वाचनाच्या आधीच्या वर्षी टीव्हीवर तेरा शनिवार एका हेराची मालिका लागली होती. तो हेर म्हणजे भार्गव. आमच्या भागात टीव्ही एकच, मुंबईच्या एका शेटजींच्या बंगल्यात, आणि बंगला राखायला डोंगरावरच्या वाडीतला शिदू. शेटजी नसले की शिदू टीव्ही खिडकीशी ओढून ठेवायचा आणि आम्ही व्हरांड्यात बसायचो. चित्रात मुंग्या फार यायच्या. भार्गव मद्रासला असो की राजस्थानात, आमच्याकडं त्याच्यावर बर्फच पडायचा. त्यामुळं त्याचं तोंड नीट असं कोणीच पाहिलं नाही आणि ज्याला जसा हवा तसा तो दिसला. शिदूला तर तोही दिसला नाही, कारण तो तेराही शनिवार कौलांवर अँटेना धरून उभा. आम्ही खालून ओरडून त्याला गोष्ट सांगायचो. पण मालिकेबद्दल गावात सगळ्यात ठाम मत कोणाचं होतं म्हणाल, तर शिदूचं.

गावाला एकच गोष्ट खटकली होती. भार्गव टीव्हीवर आला तो एकदम हेर म्हणूनच. गाव कुठलं, आई कोण, लहानपणी कोणाच्या शेतात चिंचा पाडल्या, काही पत्ता नाही. ज्याचं गाव माहीत नाही त्याच्यावर देशाचं काम कसं टाकलं, असा शिदूचा सवाल होता. म्हणून ‘भार्गव होण्याआधी’ नावाची कादंबरी वाचनालयात आली आणि तिच्यात त्याची आधीची सगळी हकीकत आहे असं कळलं, तेव्हा अंबाजीनं ती तीन आठवडे मागं लागून मिळवली. लेखकाचं नाव रतन साठ्ये. आम्ही मनात एक मिशाळ, निवृत्त लष्करी माणूस उभा केला.

पहिली चाळीस पानं झकास गेली. भार्गव घरातून पळून जातो आणि त्याची आई वाट बघत राहते. इथं सावित्राबाई पुढं सरकून बसली. तिचा गोरख अकरा वर्षांपूर्वी मुंबईला बोटीवर कामाला लागला. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली, ती अंबाजीनंच वाचून दाखवली होती. नंतर काही नाही. सावित्राबाईनं त्याबद्दल कधी रड लावली नाही. उलट बोलायला अशी तिखट, की तिच्या दारावरून जाताना कोंबड्यासुद्धा आवाज न करता जात. पण भार्गवची चाल गोरखसारखी आहे, एवढं तिनं मला एकदा सांगितलं होतं. त्या मुंग्यांमधून तिला चाल कुठून दिसली, ते मी विचारलं नाही.

आणि एक्केचाळिसाव्या पानावर रतन साठ्यांनी आईला मारून टाकलं होतं.

अंबाजी पाणी प्यायला. मग त्यानं पुस्तक जरा छातीशी धरलं आणि वाचलं, “इतक्यात भार्गवची आई अंथरुणावर उठून बसली आणि म्हणाली, जरा पेज द्या गं, ताप उतरला.”

पारावर सगळ्यांनी श्वास सोडला. सावित्राबाईच्या अंगठ्यानं शेंग सोलली. मी स्वतः थापा मारण्यात आयुष्य घालवलेला माणूस. दुसऱ्याची थाप मला वासावरून कळते, आणि ही फार वरच्या दर्जाची होती.

पण एक माणूस जिवंत ठेवायचा म्हणजे सोपं काम नाही. पुस्तकात आई मेली म्हणून भार्गव हेर होतो. आता ती मेलीच नाही, तर तो हेर कशाला होईल? त्यामुळं बेचाळिसाव्या पानापासून अंबाजीला पुस्तकाचा काही उपयोग राहिला नाही. तो पानं वेळच्या वेळी उलटायचा, बोट ओळीवरून फिरवायचा आणि दोनशे तीस पानं स्वतःच्या पोटातून काढायचा. त्याच्या पुस्तकात आईनंच पोराला हेरगिरी शिकवली. शत्रूचा माणूस शेतकऱ्याच्या वेशात गावात आला, धोतर, मुंडासं, सगळं बरोबर. तो कोणाला ओळखू येईना. आईनं ओळखला. कारण आवण लावायच्या वेळी तो भाताच्या खाचरात बूट घालून उतरला.

या जागी पारावर जो हशा पिकला, तो लोहगडावर ऐकू गेला असं गडावरचे लोक सांगत. शिदूनं मत दिलं की टीव्हीपेक्षा पुस्तक लाख पटीनं बरं, आणि यात अँटेना धरावी लागत नाही. सावित्राबाईचं मत थोडं वेगळं होतं. आई हुशार आहे, पण त्या बूटवाल्याला चिखलात पाडल्यावर तिनं नुसतं धरून ठेवायला नको होतं, हातात विळा होता की. दुसऱ्या दिवशी अंबाजीच्या पुस्तकात विळा आला.

मी त्याला एकटा गाठून विचारलं, शेवटी काय करणार आहेस. तो म्हणाला, पुस्तक परत केलं की संपलं, कोण बघतंय.

पुस्तक परत करायला गेला आणि पुस्तकासकट तोंड पाडून आला. वाचनालयात सूचना लागली होती. रविवारी दुपारी तीन वाजता ‘भार्गव होण्याआधी’ या कादंबरीवर वाचकांची मतं, लेखक स्वतः हजर राहणार. त्यानं ही गोष्ट दाबली असती, पण शिदूचा भाचा त्याच वाचनालयात झाडलोट करायचा. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. सावित्राबाईनं आंबेमोहोराची पिशवी भरायला घेतली. ज्या माणसानं खाचरातली आई इतकी बरोबर लिहिली, त्याला घरचा तांदूळ द्यायचाच.

अंबाजीनं नाना प्रकारे अडवून पाहिलं. लेखक आजारी आहे म्हणाला. तिकडं फक्त शिकलेल्यांना घेतात म्हणाला. शेवटी रविवारी सकाळी म्हणाला की आज गाड्याच बंद आहेत, आणि हे फाटकाशी उभं राहून म्हणाला, त्याच वेळी त्याच्या पाठीमागून मद्रास मेल धाडधाड निघून गेली. सावित्राबाईनं डबे मोजून होईपर्यंत वाट पाहिली आणि म्हणाली, “बंद गाडी लयच जोरात गेली रं.”

आम्ही चौदाजण गेलो. लवकर पोचलो म्हणून पहिल्या दोन रांगा आमच्या. अंबाजी मात्र मागं दाराशी टोपी मुरगाळत उभा राहिला. घामानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता, आणि दिवस थंडीचे होते. मला म्हणाला, “म्हातारीला आज कळलं, तर मी परत तिच्या म्होरं पुस्तक उगडनार न्हाई.”

व्यासपीठावर खुर्चीत चष्मा लावलेली, खादीचं पातळ नेसलेली पन्नाशीची बाई येऊन बसली. आम्ही मिशाळ लष्करी माणसाची वाट पाहत राहिलो. अध्यक्षांनी सांगितलं की याच रतन साठ्ये. सावित्राबाई मला कोपर मारून म्हणाली, “बाईमानसानं लिवलंय. तरीच आई जित्ती ठिवली.” हे ऐकून मलाच घाम फुटला.

आमच्या मागच्या रांगेत महिपती शेटे बसला होता. हा पोस्टात कारकून, आणि वाचनालयातलं प्रत्येक पुस्तक तांबडी पेन्सिल घेऊन वाचणारा. सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून सात गोळ्या सुटल्या की पानाच्या कडेला खूण करायचा. त्या दिवशी त्याच्या मांडीवर चार कागद भरून खुणा होत्या. अध्यक्षांनी विचारलं, प्रथम कोण बोलणार. महिपती उठायच्या आत सावित्राबाई उभी राहिली.

ती आधी थोडी अडखळली, मग लागली. भार्गव सोडा, तो काय, पोरगाच तो, पळाला. पण त्याची आई. तापातून उठली, पेज प्याली, आणि दुसऱ्या दिवशी आवणाला गेली. अशीच असते आई. सगळ्या पुस्तकांत म्हातारीला आधी मारतात, म्हणजे पोरगा मोकळा. तुम्ही मारली नाही. मग बूटवाल्याची सगळी गोष्ट तिनं सांगितली, विळ्यासकट. शेवटी म्हणाली, “वाट बघनाऱ्या बाईला काम आस्तं बाई. ती नुस्ती दारात बसून मरत न्हाई. ह्ये तुमाला कसं कळलं, त्येच मला इचारायचंय.”

रतन साठ्ये बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. आपल्या घरात शिरलो आणि आत दुसऱ्याचाच संसार मांडलेला दिसला, तर माणूस जसा उभा राहील तशा त्या बसल्या होत्या.

“एक मिनिट,” महिपती उठला. “या बाई कोणत्या पुस्तकाबद्दल बोलतायत? पान एक्केचाळीस, ओळ सहावी...”

“तुमचं नंतर ऐकते,” साठ्ये बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण महिपती बसला. मग त्यांनी सावित्राबाईला विचारलं, “मावशी, तुम्हाला हे वाचून कोणी दाखवलं?”

“आमच्या अंबाजीनं. त्यो काय, दारात उबा हाय.”

सगळं सभागृह वळलं. अंबाजी टोपी छातीशी धरून उभा होता, आणि रेल्वेत वीस वर्षं काढलेला तो माणूस गाडी अंगावर येताना दिसल्यासारखा पाहत होता. बाई त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिल्या. मग सावित्राबाईकडं.

“एक्केचाळिसाव्या पानावर चूक आहे,” त्या महिपतीला म्हणाल्या. “तुमची खूण बरोबर आहे. चूक माझी आहे. पुढचं मला या लोकांकडून ऐकायचंय.”

आणि मग त्या सभेचं काही खरं राहिलं नाही. शिदू उठला आणि अंबाजीच्या पुस्तकातला गुहेतला पाठलाग सांगू लागला. तो चुकला की दुसरा दुरुस्त करायचा. साठ्ये बाई चष्मा काढून हसत होत्या, मध्येच पर्समधून वही काढून काहीतरी टिपत होत्या. अध्यक्षांचा चहा गार झाला. महिपतीनं दहा मिनिटं तोंड फिरवून काढली, पंधराव्या मिनिटाला तो पुढं झुकला आणि त्यानं विचारलं, मग ते बूट पुरावा म्हणून कोणी जपून ठेवले की नाही. नव्हते ठेवले. ती चूक त्यानं लगेच कागदावर टिपली.

निघताना साठ्ये बाईंनी तांदळाची पिशवी दोन्ही हातांनी घेतली. अंबाजीला एवढंच म्हणाल्या, “पुढचं पुस्तक आलं की आधी तुमच्याकडं पाठवते.” त्यानं मान हलवली.

परतीची गाडी साडेपाचची. डबा जवळजवळ रिकामा होता. बाकीची मंडळी पलीकडं हशा करत होती. इकडच्या बाकावर मी, अंबाजी, आणि समोर सावित्राबाई. गाडी सुटली तशी ती म्हणाली, “पुस्तक हाय का पिशवीत?”

होतं. त्यानं ते अजून परत केलंच नव्हतं, आणि त्या दिवशी तर वाचनालयात जाऊनही विसरला होता.

“त्ये एक्केचाळीस पान काड. आन आता हाय तसं वाच.”

अंबाजीनं पुस्तक काढलं, पण उघडलं नाही. ती म्हणाली, “आरं, पानी मागितलंस तवाच कळलं मला. अक्षर पुसाट म्हनं. तुजं डोळं घारीचं हायेत. वाच.”

त्यानं वाचलं. दीड परिच्छेदच होता. त्याचा नेहमीचा आवाज नव्हता, शाळेत पोरं धडा वाचतात तसा सरळ आवाज. भार्गवची आई पहाटे गेली, शेजारणींना उन्हं आल्यावर कळलं, असं लिहिलं होतं. सावित्राबाई खिडकीबाहेर भाताची कापलेली खाचरं बघत ऐकत होती.

“बरं लिवलंय,” ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, “दार उगडं व्हतं का तिचं?”

अंबाजीनं पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. बोट एकेका ओळीवरून सावकाश फिरवत खालपर्यंत आणलं.

“व्हय मावशे,” तो म्हणाला. “उगडं व्हतं. सताड.”

“मंग ठीक हाय.”

मळवली आलं. तिनं पदर खोचला आणि आमच्या आधी उतरून चालू लागली. मी अंबाजीच्या शेजारीच बसलो होतो, पान मलाही दिसत होतं. त्या पानावर दाराबद्दल एक अक्षर नव्हतं.