सुपारीएवढी गाठ

मी एक जुना पडदा आहे. मित्रांनो, खिडकीचा समजून नाक मुरडू नका. मी सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा आहे. कारखान्यात माझ्या वाट्याला काळा, पांढरा आणि करडा एवढेच रंग आले, पण तेवढ्यात मी माणसाच्या पोटातलं सगळं दाखवतो. रेवदंड्याच्या दवाखान्यात मी नवा आलो तेव्हा माझं कोण कौतुक! आता माझा एक कोपरा मंद झालाय आणि सडपातळ, रंगीत पडदा येणार अशी कुजबुज आहे. येऊ दे बापडा.

माझ्याकडे आलेली बाई गरोदरच असणार, असा गावात समज. म्हणून मासळी विकणाऱ्या नीराबाई पोट दुखत असूनही महिनाभर इकडे फिरकल्या नाहीत. "साठीची बाई सोनोग्राफीला गेली तर लोकं काय बोलतील?" हा त्यांचा धोशा. शेवटी सून रचनाने हाताला धरून आणलं.

चिठ्ठीत पित्ताशयातले खडे बघा, एवढंच होतं. पण दोन्ही किडन्या पाहिल्याशिवाय डॉक्टर रुचिता कुणालाच उठू देत नाहीत. डाव्या किडनीवर त्यांचा हात थांबला. तिथे सुपारीएवढी गाठ होती.

मी हादरलोच. दहा वर्षांपूर्वी नीराबाईंचा भाऊ अनंता याच खाटेवर झोपला होता. लघवीतून रक्त जात असताना त्याने चार महिने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची गाठ नारळाएवढी झाली होती, आजार फुप्फुसात गेला होता. मी खरं ते दाखवलं, पण तो वाचला नाही.

सीटी स्कॅनमध्ये ती गाठ कॅन्सरचीच दिसली. नीराबाई रिपोर्ट घेऊन आल्या त्या हट्टालाच पेटून. "मना कापू नका. अनंता गेला तशी मी बी जाईन, पन घरान."

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. "मावशी, तुमची गाठ लहान आहे, कुठे पसरलेली नाही. पूर्वी अख्खी किडनीच काढायचे. आता तेवढी गाठ काढून किडनी ठेवता येते. अहो, पसरलेल्या आजारावरसुद्धा आता चांगली औषधं आली आहेत. ती शरीराच्या स्वतःच्याच ताकदीला कामाला लावतात. तुमच्या भावाच्या वेळी ती नव्हती."

"किडनी ठेवतील? नक्की ना?" हे नीराबाईंनी तीनदा विचारलं. मग ऑपरेशनसाठी मांडव्याहून बोटीने त्या मुंबईला गेल्या.

सहा महिन्यांनी त्या पुन्हा खाटेवर झोपल्या, तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता. डॉक्टरांनी सावकाश पाहिलं आणि मला नीराबाईंकडे वळवलं. "बघा मावशी, गाठ नाही. किडनी जागच्या जागी आहे. रक्ताचा रिपोर्टही छान आलाय."

"ही माजी?" नीराबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांना रडू फुटलं. "अनंतालाबी येळेवर आनला असता तर..."

रचनाने त्यांचे डोळे पुसले. मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू!

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणी पुसली नाही तरी चालेल. पण लघवीत रक्त दिसलं, तर दुखत नाही म्हणून कुणाला गप्प बसू देऊ नका. डॉक्टरांनी तपासणी सांगितली आणि घरातलं मोठं माणूस "मला काय धाड भरलीय?" म्हणालं, तर रचनासारखं हात धरून आणा. मला कुणाच्या घरी जाता येत नाही हो.