घरात कुणालाच नाही

थोरल्या दिरांचं डोकं ठणकायला लागलं, तेव्हा धाकट्या सुनेला मनातून बरं वाटलं. वाटलं तर वाटलं. तिने ते स्वतःपासून लपवलं नाही.

तिच्या नवऱ्याचंही असंच सुरू झालं होतं. दोघा भावांचा छापखाना होता. नवरा चिडायला लागला, बोलता बोलता अडखळायला लागला, पत्रकं उलटी छापायला लागला. थोरल्यांनी परस्पर ठरवून टाकलं, हा प्यायला लागलाय. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा क्षय असू शकतो, पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी तपासू. थोरले आडवे आले. "सुईने माणूस लुळा होतो," म्हणाले आणि भावाला उचलून घरी घेऊन गेले. पुन्हा इस्पितळ गाठलं तेव्हा क्षयच निघाला, पण तोवर त्याचे डोळे गेले होते. पायही गेले, तेही सुईशिवायच. वर जाऊबाईंची तंबी, त्यांच्या मुलीचं लग्न जमेपर्यंत क्षयाचं नाव काढायचं नाही.

आता थोरलेच इस्पितळात बरळत पडले होते. मान लाकडासारखी ताठ. या वेळी सुईला जाऊबाई एका शब्दात हो म्हणाल्या. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पाण्यात जंतू सापडले नाहीत. "म्हणून क्षय नाही, असं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "या पाण्यात ते बरेचदा हाती लागतच नाहीत. दुसऱ्या आजारातही पाणी असंच दिसतं. घरात कुणाला क्षय झाला होता?"

"छे, घरात कुणालाच नाही," जाऊबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी धाकटीकडे पाहिलं. "त्या म्हणतात ना," ती म्हणाली. घरी येऊन पोटभर जेवली.

"दादाला सुई टोचली?" नवऱ्याने विचारलं. "घाबरला असेल. लहानपणी माझा हात धरून बसायचा. मला घेऊन चल."

"तुमची ही दशा कुणी केली, विसरलात?"

"विसरलो नाही. चल."

तिला त्याचाही राग आला. मग तिने नीट विचार केला. थोरले मेले तर सुटले. आंधळे झाले तरी सुटलेच. आपण भावाचं काय करून ठेवलंय, ते त्यांना कधी दिसायचंच नाही. तिने नवऱ्याचे केस विंचरले आणि त्याला चाकाच्या खुर्चीत बसवलं.

"यांना काय झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"जाऊबाई सांगतील," ती म्हणाली.

जाऊबाईंनी खुर्चीकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं. धाकटी थांबून राहिली.

"क्षय," जाऊबाई शेवटी म्हणाल्या. "मेंदूचा."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?" डॉक्टरीणबाईंनी तिथल्या तिथे औषधं सुरू करायला सांगितली. अजून वेळ गेलेली नाही, नजर बहुतेक वाचेल, म्हणाल्या.

दोन दिवसांनी थोरले शुद्धीवर आले. नवऱ्याने चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरून ठेवला. थोरल्यांनी भावाकडे एकदा पाहिलं आणि डोळे गच्च मिटून घेतले.

धाकटी त्यांच्या कानाशी वाकली. "उघडा, भाऊजी," ती हळूच म्हणाली. "एवढ्यासाठीच ते वाचवलेत."