चिंधीची आंघोळ

बाथरूममध्ये दोन बादल्या होत्या, एक टब, पाच टॉवेल, भांडी घासायच्या लिक्विडची अर्धी बाटली, एक थर्मामीटर, मावशी, मी आणि तीन मांजरं. तीनपैकी एक थरथरत होतं.

थरथरणारी ती चिंधी. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. मावशी कपडे शिवते, म्हणून मांजरांची नावंही तशीच: बॉबिन, कात्री आणि चिंधी. सकाळी अकरा वाजता मी तिघांच्या मानेवर पिसवांचं औषध टाकलं होतं. शेजारच्या कुत्र्याचं उरलेलं. वीस किलोच्या कुत्र्याला किती लागतं ते पाहून किलोमागचं प्रमाण काढलं, बिनसुईच्या सिरिंजने मोजून टाकलं, वहीत लिहूनही ठेवलं. बाटलीवरचं ‘फक्त कुत्र्यांसाठी’ मी वाचलं होतं. मला वाटलं, ते प्रमाणाबद्दल असेल.

“मांजराच्या यकृताला हे पचवताच येत नाही,” जनावरांच्या डॉक्टर फोनवर म्हणाल्या. “आधी धुवून काढा. भांड्यांचं लिक्विड आणि कोमट पाणी. गरम नको, औषध कातडीत आणखी मुरेल. गारही नको, अंग गार पडलं तर झटके वाढतील. तापमान अडतीसच्या खाली जाऊ देऊ नका. मी इंजेक्शन घेऊन निघतेय, पाऊण तास लागेल.”

तेव्हा दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

“तू तर म्हणालीस, हिशेब केलाय,” मावशी म्हणाली.

“केला होता.”

“मग?”

“हिशेब बरोबर होता, मावशी.”

“वा गं वा! मग काय, मांजर चुकलं?”

एरवी बादली खडखडली की चिंधी कपाटावर. तिला खाली काढायला स्टूल, झाडू आणि दोन माणसं लागायची. आज मी तिला टबात ठेवलं आणि ती राहिली. मानेला लिक्विड चोळलं, पाणी ओतलं, पुन्हा चोळलं. केस तेलकटच लागत होते. ती ओरडली नाही. पंजाही उगारला नाही. नुसतं तिचं अंग कानापासून शेपटीपर्यंत उडत होतं. मी मोजलं, मिनिटाला एकतीस झटके.

तीनदा धुतल्यावर शेपटीखाली थर्मामीटर लावला. सदतीस पूर्णांक चार.

“किती?”

मी सांगितलं.

मावशी उठून बाहेर गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती इस्त्री लावत होती. एकेक टॉवेल गरम करून, आधी स्वतःच्या गालाला लावून बघून, तिने चिंधीला गुंडाळलं आणि पोटाशी धरून शिवणयंत्राजवळ बसली. “हिला काही झालं तर मी तुला बोल लावणार नाही,” ती म्हणाली. “पण तू गप्प बसू नकोस. आकडे सांगत राहा.”

उरलेली दोघं अजून थरथरत नव्हती. अजून. कात्री नळावर चढली, तिथून माझ्या खांद्यावर, तिथून आरशावर. बॉबिन एवढा मोठा बोका, पण टबात उभा राहून त्याने आधी मुतून घेतलं आणि मग घसा फाटेपर्यंत गळा काढला. बाहेरून मावशी ओरडली, “मारतेयस का त्याला?” मी म्हणाले, “नाही गं!” आणि मग माझ्या लक्षात आलं, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याचा आवाज मात्र मला हवाहवासा वाटत होता. माझ्या हातांवर कात्रीचे सात ओरखडे होते, बॉबिनचे दोन. चिंधीचा एकही नव्हता.

तीन दहा. सदतीस एक, चौतीस झटके. मी मोठ्याने सांगितलं. मावशीने टॉवेल बदलला.

तीन वीस. सदतीस एक. चिंधीचे डोळे उघडे होते, पण मी समोर बोट नेलं तरी ते हलले नाहीत.

“ए चिंधे, बघ ना माझ्याकडे,” मावशी म्हणत होती. “परवा माझा नवा कपडा फाडलास, तेव्हा तुला शिवी दिली ती परत घेतली. सगळं फाड. ऐकतेस का?”

डॉक्टर तीन अठ्ठावीसला आल्या. चपला न काढताच आत आल्या, टॉवेल उलगडला, मांडीत इंजेक्शन दिलं. कात्रीला आणि बॉबिनला तपासलं. “ह्या दोघांवर रात्रभर नजर ठेवा.”

“आणि ही?” मावशीने विचारलं.

“तासभर बघू.”

मी दर दहा मिनिटांनी झटके मोजत राहिले. मावशी प्रत्येक आकडा माझ्यामागून पुटपुटत होती. सव्वीस. सव्वीस. एकोणीस. बावीस. बारा. मावशीने सातव्यांदा इस्त्री लावली.

चार वाजून पस्तीस मिनिटांनी मी पुन्हा शेपटी उचलली आणि थर्मामीटर लावला.

तापमान अडतीस पूर्णांक दोन. झटके मिनिटाला तीन. चिंधीचा ओरखडा एक, माझ्या डाव्या मनगटावर, लांबी चार सेंटिमीटर.