कोलशेतचा पहिला नमुना

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डोंबिवलीतल्या एका स्वयंपाकघरात माझा दांडा एकदम खाली बसला, दट्ट्याच्या कडेने कढत पाणी वर उसळले आणि कलावतीबाईंचा उजवा हात भाजला. ओट्यावर, टाइल्सवर, साखरेच्या डब्यावर कॉफीचा चोथा उडाला. कलावतीबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी हात नळाखाली धरला आणि सुनेला हाक मारली, "संचिता, आधी गॅस बंद कर गं."

मित्रांनो, मी हाताने चालवायचे कॉफीयंत्र आहे. मला वीज लागत नाही. माझ्या पोलादी नळकांड्यात दळलेली कॉफी घालायची, वर उकळीचे पाणी ओतायचे आणि दांडा सावकाश दाबायचा. दांड्याखालचा दट्ट्या पाणी खाली रेटतो आणि कपात दाट कॉफी उतरते. दट्ट्याभोवती एक रबरी रिंग असते. ती घट्ट असेल तर पाणी खालीच जाते. ती सैल पडली तर काय होते, ते त्या सकाळी कळले. जुने म्हणवून घ्यावे इतके माझे वय नाही. पण मी पहिला नमुना आहे, आणि दुसरे यंत्र घडण्याआधीच पहिला नमुना जुना होतो.

माझा जन्म ठाण्याचा. कोलशेतला खाडीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये मला घडवणाऱ्या सुदेशच्या वडिलांचा धातू कातायचा लेथ आहे. तिथे पंपांचे सुटे भाग होतात. सुदेश शिकून इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि ती नोकरी सोडून माझ्यासाठी पुन्हा लेथवर आला. त्याने माझे अंग पोलादाच्या कांबीतून कोरून काढले, आत बोट फिरवून फिरवून गुळगुळीत केले. दांड्याला सागवानी मूठ बसवली. वडील बाजूला उभे राहून बघत असत.

"पंप लोकांना लागतो रे," ते एकदा म्हणाले. "हे कुणाला लागतं?"

"लागेल, बाबा. लोकांना अजून माहीत नाही, एवढंच."

मग माझे कौतुकाचे दिवस आले. माझा व्हिडिओ काढला. पांढऱ्या पडद्यापुढे मला उभे करून माझ्यावर दिवे सोडले, मऊ कापडाने बोटांचे ठसे पुसले. सुदेशने इंटरनेटवर मोहीम उघडली. लोकांनी आधी पैसे भरायचे; ठरलेली रक्कम जमली तर साचे बनवून माझी भावंडे घडवायची आणि घरोघर पाठवायची; कमी पडली तर ज्याचे त्याला परत. माझ्या चित्राखाली लिहिले होते, 'एकदा घ्या, आयुष्यभर वापरा.' ते वाचून मला फार अभिमान वाटला. त्या वेळी माझे आयुष्य काही आठवड्यांचे होते.

संचिता ही सुदेशची आतेबहीण. ती ठाण्यात एका औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात काम करते. माल पास झाला की कागदावर तिची सही लागते, आणि तिची सही पटकन मिळत नाही, हे तिच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच सुदेशने मला खोक्यात घालून तिच्याकडे आणले.

"ताई, महिनाभर वापर. पटलं तर पैसे भरून पाठिंबा दे, आणि मोहिमेच्या पानावर दोन ओळी लिही. तू लिहिलंस की तुझ्या ऑफिसातले, सोसायटीतले सगळे येतील. तुझ्याकडे बघून थांबलेत ते."

"आणि नाही पटलं तर?"

"पटेल गं."

संचिताचा नवरा प्रफुल्ल याने किंमत विचारली आणि मला उचलून तळाशी पाहिले. "यात नवा मिक्सर आला असता," तो म्हणाला, "आणि वर आईला वर्षभराचं जायफळ." कलावतीबाईंनी मोहीम म्हणजे काय ते ऐकून घेतले. "म्हणजे वर्गणीच की," त्या म्हणाल्या. "गणपती यायच्या आधी मागतात तशी. पावती देतात ना?"

पण मला सर्वांत जास्त जपले ते त्यांनीच. संचिताला ऑफिसला लवकर निघावे लागे, म्हणून तिची कॉफी करण्याचे काम त्यांनी आपणहून घेतले. सुनेसाठी काळी, स्वतःसाठी दूध, साखर आणि जायफळ घालून. मला त्या रोज पुसत. पाहुणे आले की मला पुढे करत आणि सांगत, "आमच्या संचिताच्या मामेभावानं केलंय. घरचं आहे."

तिसऱ्या आठवड्यात माझी रिंग सैल पडली. आधी दट्ट्यावर थेंब दिसू लागले, मग बारीक ओघळ. संचिताने सुदेशला फोन केला.

"नमुना आहे ना ताई, तेवढं होणारच," तो म्हणाला. "पुढच्या घडणीत रिंग जाड येणारे. तू टेन्शन नको घेऊस."

"पानावर लिहिलंयस का तसं?"

"लिहितो."

त्याने लिहिले नाही. संचितानेही पाठिंबा दिला नाही. दोघे एकमेकांची वाट पाहत राहिले, आणि ओघळ चालूच राहिला.

कलावतीबाई मात्र वाट पाहणाऱ्यांतल्या नव्हत्या. कुकरची रिंग सैल झाली की ती रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायची, सकाळी आक्रसते आणि शिट्टी व्यवस्थित होते, हे त्या संसारभर करत आल्या होत्या. शुक्रवारी त्यांनी माझी रिंग काढली, धुतली आणि बर्फाच्या ट्रेवर ठेवली. सकाळी तिला खोबरेल लावून बोटांनी खाचेत बसवली. मला ती गार आणि ताठ लागली. पाणी ओतल्यावर दोन क्षण सगळे नीट चालले. मग दांड्याला लागणारा जोर एकाएकी संपला.

डॉक्टरांनी पट्टी बांधली, गंभीर काही नाही म्हणाले. बोटांची त्वचा मात्र सोलली होती. घरी येताच संचिताने सुदेशला फोन लावला आणि स्पीकर चालू ठेवला. रिंग फ्रीजरमध्ये ठेवल्याचे कलावतीबाईंनी आपणहून सांगितले.

पलीकडून सुदेश म्हणाला, "काकू, तो कुकर नाहीये हो. गार रिंग खाचेत नीट बसतच नाही. ती दुमडली असणार. हे यंत्रामुळे नाही झालेलं."

"माझंच चुकलं बाबा," कलावतीबाई म्हणाल्या.

"आई, थांबा," संचिता म्हणाली. "सुदेश, त्यांनी रिंग काढली कशाला? सैल झाली म्हणून. ती सैल कशामुळे झाली?"

"ताई, प्लीज. उद्या संध्याकाळी मोहीम संपतेय. थोडंसंच राहिलंय. आता तू काही उलटसुलट लिहिलंस ना, तर जमलेलं सगळं परत जाईल. बाबांनी पंपांच्या ऑर्डर सोडल्यात यासाठी."

दिवसभर घरात तोच विषय होता. प्रफुल्ल म्हणाला, लिहूही नको आणि पैसेही भरू नको, गप्प बस, नातं टिकेल. कलावतीबाईंचे म्हणणे वेगळे होते. "तू चांगलं लिही. माझ्यापायी त्या पोराचं बुडायला नको. हात काय, आठवड्यात बरा होईल."

"तुमचा होईल, आई. पुढच्या घरात कुणाचा भाजला तर? माझं नाव वाचून घेतलेलं असेल त्यांनी."

मला वर्तमानपत्रात गुंडाळून वॉशिंग मशीनवर ठेवले होते. कालपर्यंत पाहुण्यांपुढे मिरवणारे मी, आज माझ्याकडे कोणी पाहत नव्हते. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, तुझे तुला ठाऊक असेलच. सांगून टाक, दोष तुझा की फ्रीजरचा. मला खरेच ठाऊक नाही. रिंग गार होती हे खरे. ती आधीच सैल पडली होती हेही खरे. व्हिडिओ काढताना दर वेळी नवी रिंग बसवत होते, हे मला आठवते. पण नव्या वस्तूला नवी रिंग घालणे हा काही अपराध नव्हे.

एवढे मात्र मागते. एखादी वस्तू गळू लागली, कुरकुरू लागली, तर ते तिचे बोलणे समजा. ती घडवणाऱ्याकडे न्या आणि तो 'होणारच' म्हणाला तर पुन्हा विचारा. आणि मोठेपणी तुम्ही स्वतः काही घडवलेत, तर सूचनांचा कागद न वाचता ती प्रेमाने हाताळणारी माणसे डोळ्यांपुढे ठेवा. घरांमध्ये अशीच माणसे जास्त असतात.

रविवारी दुपारी सुदेश बाइकवरून आला. आधी त्याने कलावतीबाईंच्या हाताची पट्टी पाहिली आणि मान खाली घातली. कलावतीबाईंनी डाव्या हाताने त्याला पाणी दिले. तो एक जाड रिंग घेऊन आला होता. त्याने मला कागदातून सोडवले, खाच पुसली, रिंग बसवली, बोटाने गोल फिरवून पाहिली. मग त्याने कॉफी भरली आणि पातेल्यातले उकळीचे पाणी माझ्यात ओतले.

"बघ ताई. तुझ्यासमोर करतो. मग तू ठरव."

संचिता हातात फोन घेऊन ओट्याला टेकून उभी होती. मोहिमेचे पान उघडे होते. सुदेशने मूठ धरली. मग तिच्याकडे वळून तो म्हणाला, "जरा मागे सरक."

ती सरकली नाही. "का?" तिने विचारले.

त्याने पुन्हा एकदा दट्ट्याच्या कडेकडे पाहिले. कलावतीबाई दारात उभ्या आहेत. मोहीम संपायला अजून अवकाश आहे. माझ्यात पाणी भरलेले आहे आणि दांडा वर आहे. सुदेशचा हात मुठीवर आहे. त्याने ती अजून दाबलेली नाही. संचितानेही काही दाबलेले नाही.