भट्टीजवळचा शब्दकोश

मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे आणि वजनाला पावणेदोन किलो भरतो. वजन आधी सांगितले, कारण मित्रांनो, माझ्या आयुष्यातली निम्मी कामे मला शब्दांमुळे नव्हे, तर वजनामुळे मिळाली.

माझा जन्म छापखान्यात झाला. पानांच्या घड्या घातल्या, दोऱ्याने शिवल्या, पाठीला सरस फासला आणि दोन दिवस मला दाबाखाली ठेवले. बाइंडरने माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "हा दोन पिढ्या हलायचा नाही." मी तेव्हा कोरा करकरीत होतो, त्यामुळे लगेच फुशारलो. इंग्रजीत नुसत्या उजेडालाच किती शब्द आहेत! घासलेले भांडे 'शाइन' करते. खडे लखलखतात ते 'ग्लिटर'. लांबचा मिणमिणता दिवा 'ग्लिमर' करतो. आणि ज्वाळा नसताना आतल्या उष्णतेने जे मंद, एकसारखे उजळते, ते 'ग्लो' करते. लोक या सगळ्यांना 'चमकणे' म्हणून मोकळे होतात. मला त्याचा मनापासून राग येतो.

एका शाळकरी मुलीसाठी मला विकत घेतले गेले. तिची एक खोड होती. शब्द सापडला की ती अर्थ वाचायच्या आधी त्याखालचे उदाहरणाचे वाक्य वाचायची. मैत्रिणी हसायच्या, तर ती म्हणायची, "अर्थ मी विसरते. वाक्यातलं चित्र विसरत नाही." तिने माझे पान कधी दुमडले नाही की जेवणाच्या हाताने मला उघडले नाही. इतकी माया पुन्हा कोणी केली नाही.

लग्न झाल्यावर तिने मला कपड्यांच्या बॅगेत तळाशी घालून सासरी आणले. सासरी सुतारांची हत्यारे बनवण्याचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड, एक भट्टी, एक ऐरण आणि तिचे सासरे. त्यांना सगळे बाबा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या हातच्या पटाश्या, म्हणजे लाकूड तासायची धारदार पाती, दूरदूरचे सुतार नाव घेऊन मागत. कारखान्याचा पत्रव्यवहार ती बघू लागली आणि मीही तिच्याबरोबर टेबलावर आलो. काही वर्षे बरी गेली. मग तिच्या हातात फोन आला.

फोनबद्दल मी वाईट बोलणार नाही. तो हलका आहे, झटपट आहे आणि विचारले ते सांगतो. पण त्यानंतर मला कोणी उघडले नाही, हेही खरे. आधी मी सुरळी झालेले कागद सपाट करायला पडलो. पुढे नवी शेड झाली. तिथली फरशी एका कोपऱ्यात खचलेली निघाली आणि उभा पंखा डुगडुगू लागला. मग माझी रवानगी पंख्याच्या पायाखाली झाली. चाळीस हजार शब्द पोटात घेऊन मी पंखा सावरत बसलो. नाही म्हटले तरी जिवाला लागले. पण तिथून भट्टी समोरच दिसायची, एवढे समाधान होते.

नवी शेड तिच्या नवऱ्याने मोठ्या हौसेने बांधली होती. तीन रुंद खिडक्या, छपरात ऊन आत सोडणारे पारदर्शक पत्रे आणि भट्टीच्या बरोबर वर दोन मोठे दिवे. "बाबांनी जन्मभर अंधारात डोळे फोडले," तो म्हणाला, "आता जरा उजेडात काम करू देत." बाबा दिव्यांकडे बघून गालात हसले.

आणि तिथूनच पटाश्या तुटू लागल्या.

पोलाद लाल होईपर्यंत तापवायचे आणि नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचे, की ते कठीण होते. याला बाबा 'पाणी देणे' म्हणत. क्षण चुकून पोलाद जास्त तापले, तर ते ठिसूळ होते. सुतारकामाच्या शाळेला साठ पटाश्या हव्या होत्या. पहिल्या वीस गेल्या, त्यांतल्या अकरा मोडून परत आल्या; उरलेल्या नऊही शाळेने परत केल्या. बाबांनी एक तुकडा उचलला आणि तुटलेली कड बघितली.

"पोलादाचा दाणा जाड झालाय," ते म्हणाले. "जास्त तापलंय. पण मला तर लाली आत्ता कुठं दिसली होती."

चष्मा दोनदा बदलून झाला. डॉक्टर म्हणाल्या, डोळे ठीक आहेत. तरी पुढच्या पाचातल्या तीन पटाश्या ऐरणीवर नुसत्या आपटल्या आणि काचेसारख्या मोडल्या. आठवडाभर बाबा नीट जेवले नाहीत. मोडलेले तुकडे ते जुन्या फडक्याखाली झाकून ठेवायचे, जणू त्यांनी काही चोरी केली आहे. मला ते बघवत नव्हते.

एका सकाळी मुलगा त्यांच्याजवळ येऊन उकिडवा बसला. "बाबा, रागावू नका. तयार पाती बाहेरून मागवतो. आपण नुसत्या मुठी बसवू. भट्टी बंद करू. तुम्ही पुष्कळ केलंत."

"म्हणजे मी घरी बसू?"

"आराम करा म्हणतोय."

"तेच ते," बाबा म्हणाले. "या शनिवारपर्यंत बघ. नाही जमलं तर तूच विझव भट्टी. माझ्याच्यानं व्हायचं नाही."

मुलाचाही जीव तुटत होता. पोलादातच खोट असेल म्हणून त्याने पोलादाच्या गठ्ठ्याला बांधून आलेला इंग्रजी कागद शोधून काढला. असले कागद इतकी वर्षे शेगडी पेटवायला जायचे. त्याने त्यावर फोन धरला आणि पडद्यावर आलेले मराठी वाचले, "मंद चमक येताच बाहेर काढा."

"चमक घासून येते," बाबा वैतागून म्हणाले. "तापवून रंग येतो. कुणी लिहिलंय हे?"

"फोन असंच म्हणतोय."

तिने कागद हातात घेतला. "इथं 'ग्लो' लिहिलंय," ती म्हणाली आणि इकडेतिकडे शोधू लागली. "अहो, माझा शब्दकोश कुठं गेला?"

नवऱ्याने अपराध्यासारखे पंख्याच्या पायाकडे बोट दाखवले. तिने मला ओढून काढले, पंखा पुन्हा डुगडुगू लागला. पदराने तिने माझी धूळ पुसली. मित्रांनो, सहा वर्षांनी माझे पान उघडले गेले. मला रडता येत नाही, नाहीतर शाई पसरली असती.

सवयीप्रमाणे तिने वाक्य आधी वाचले. "खोलीतले दिवे मालवले, तेव्हा शेगडीतले निखारे 'ग्लो' करताना दिसले." मग अर्थ वाचला, "ज्वाळेशिवाय, आतल्या उष्णतेने येणारा मंद, स्थिर प्रकाश." ती परत वाक्यावर गेली. मग तिने मान वर करून भट्टीवरच्या दोन दिव्यांकडे बघितले.

"बाबा, जुन्या शेडमध्ये भट्टीपाशी दिवा होता?"

"दिवा कशाला? एक खिडकी होती, तीही मला काम शिकवणाऱ्या वस्तादांनी पोतं टांगून झाकलेली."

"का झाकलेली?"

"ऊन लागू नये म्हणून असेल. मी कधी विचारलं नाही. वस्तादांना कोण विचारणार?"

"ऊन लागू नये म्हणून नाही, बाबा. रंग दिसावा म्हणून. इथं एवढा उजेड आहे, की मंद लाली आली तरी दिसतच नाही. ती दिसेपर्यंत पोलाद पुढं गेलेलं असतं. तुमचे डोळे चांगले आहेत. आम्ही शेड चुकीची बांधली."

बाबा उघड्या खिडकीकडे वळले. "चाळीस वर्षं त्या पोत्याखाली काम केलं," ते पुटपुटले, "आणि मला वाटायचं, ते नुसतं पोतं आहे." मुलगा तोवर उठला होता. त्याने दोन्ही दिवे बंद केले, खिडक्या लावल्या, छपराखाली ताडपत्री ताणली. भर दुपारी शेडमध्ये सावली पसरली.

बाबांनी सांडशीत एक पटाशी धरली आणि भट्टीत सरकवली. थोड्याच वेळात तिच्या कडेला अगदी हलकी, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाली आली आणि सगळ्या पटाशीभर पसरली. ज्वाळा नाही, लखलखाट नाही. मी तो शब्द जन्मापासून बाळगून होतो, पण तो डोळ्यांनी पाहिला त्या दिवशी पहिल्यांदा. बाबांनी पटाशी पाण्यात बुडवली. मग तिच्यावर कानस ओढली, ती घसरली, म्हणजे पोलाद कठीण झाले होते. मग त्यांनी पटाशी ऐरणीवर आपटली. पटाशी खणखणली आणि अख्खी राहिली.

मुलाने बाबांचे पाय धरले. बाबा म्हणाले, "ऊठ, अजून एकोणसाठ आहेत."

साठच्या साठ पटाश्या गेल्या आणि एकही परत आली नाही. भट्टी चालूच राहिली. शेवटच्या दिवशी बाबांनी सांडशी सूनबाईच्या हातात दिली. "कधी काढायचं ते तू सांग. मी बोलणार नाही." ती टक लावून बघत राहिली, मग म्हणाली, "आता." बाबांनी मान डोलावली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

मित्रांनो, आम्हा पुस्तकांना कोरडी जागा आणि स्वच्छ हात द्या, एवढे मी मागतोच. पण आज त्याहून मोठे मागणे आहे. घरातल्या एखाद्या जुन्या जाणत्या माणसाचे काम अचानक बिघडू लागले, तर त्याचे वय मोजत बसू नका. त्याच्या हातातून सांडशी काढून घेण्याआधी, त्याच्या भोवती आपण काय बदलले, ते एकदा बघा.