बाईंच्या गिन्नीचा आरसा

गार्गीनं अख्ख्या सक्करदऱ्यात सांगून टाकलं होतं, त्यामुळे आता ते खरं असणं भाग होतं.

तिच्या मोठ्या बाबांकडे, म्हणजे थोरल्या काकांकडे, बाबारावांकडे, अमेरिकेचं एक जुनं सोन्याचं नाणं होतं. मिशनच्या दवाखान्यातल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी मायदेशी परतताना ते त्यांच्या वडिलांना दिलेलं. घरात त्याला नुसतं ‘बाईंची गिन्नी’ म्हणत. गार्गी दहावीत गेली, तिनं मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि ती त्याला प्रूफ नाणं म्हणू लागली. प्रूफ म्हणजे खर्चायला नव्हे, बड्या लोकांना दाखवायला पाडलेलं नाणं. त्याचा साचाच घासूनघासून आरशासारखा करतात. त्या काळात सोन्याची अशी नाणी अगदी मोजकीच पाडलेली. आणि बाईंच्या गिन्नीत तर गार्गीला स्वतःचे दात दिसत, तारेसकट.

बाबाराव कित्येक वर्षं नाणेसंग्राहक मंडळात होते आणि तिथं चहाची व्यवस्था बघत. त्यांच्या डब्यात सगळ्यांकडे असतात तीच नाणी, त्यामुळे त्यांना कोणी कधी काही विचारलं नव्हतं. गार्गीचं म्हणणं त्यांनी फारशी चौकशी न करता मान्य केलं, नवा सदरा शिवून घेतला आणि रविवारच्या बैठकीचा चहा दुसऱ्यावर सोपवला.

मोठी आई, कौशल्याबाई, बरोबर निघाल्या. पूजेतलं सोनं घरच्या बाईशिवाय उंबरा ओलांडत नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

मंडळातले पारखी रुपराव. नाणं खोटं निघालं की ते ‘बरं’ म्हणत. खरं निघालं तरी ‘बरं’च. त्यांनी गिन्नी तोलली, कडा पाहिली आणि नाणं अस्सल असल्याचं सांगितलं. बाबारावांनी चहाच्या किटलीकडे निरोप घेतल्यासारखं पाहिलं.

मग रुपरावांनी भिंग डोळ्याला लावलं आणि नाणं दिव्याखाली तिरपं केलं.

“ये वं पोरी, पाह,” ते म्हणाले.

गार्गीनं पाहिलं. नाण्यावर बारीक ओरखडे होते, गोल गोल, घासलेल्या कढईच्या बुडाला असतात तसे. कडेनं उठवलेल्या चांदण्यांची टोकं बोथटलेली. आणि दोन अक्षरांमधल्या फटीत चमक अजिबात नव्हती. हे सगळं दुसऱ्या व्हिडिओच्या शेवटी सांगितलेलं असणार. गार्गीनं तो शेवटपर्यंत पाहिला नव्हता.

साच्यातून आलेला आरसा फटीतही शिरतो, रुपरावांनी समजावलं. हा वरून आलेला आहे. मग त्यांनी मान वर करून विचारलं, “याले कोणी घासते काय?”

“मी घासतो,” कौशल्याबाई म्हणाल्या. “दर लक्ष्मीपूजनाले. राख अन् चिंच. माह्या सासूबाईबी घासत होत्या.”

“काहून?”

“मंग का मळकी लक्ष्मी मांडाची?”

“बरं,” रुपराव म्हणाले.

म्हणजे नाणं साधं, बाजारात फिरलेलं. बाबाराव नव्या सदऱ्याचं बटण चाचपत राहिले. गार्गीनं भाषण तयार करून आणलं होतं. ते तिनं मनातल्या मनात मागून पुढे वाचून पाहिलं, पण तसंही ते उपयोगाचं नव्हतं.

कौशल्याबाईंनी गिन्नी उचलून पदरात घेतली.

“म्हंजे भाऊ, अमेरिकेत कारखान्यात जे करत होते, ते मी घरी चिंधीनं केलं?”

रुपरावांनी भिंग पुसलं. पुन्हा पुसलं. “लांबून तर तसंच दिसते, वहिनी.”

हे कौशल्याबाईंनी प्रमाणपत्र म्हणून स्वीकारलं. “फटीतलं तेवढं राहिलं,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. “काडी लावली असती तर तेबी झालं असतं.”

“काडी नको लावू,” बाबाराव म्हणाले आणि उठून किटलीपाशी गेले. चहात आलं घातलेलं नव्हतं. त्यांनी तो परत उकळायला ठेवला आणि पहिला कप, जो नेहमी रुपरावांचा असे, बायकोच्या हातात दिला.

परतताना चक्कीवाल्या भैय्याजींनी गार्गीला हटकलंच. काय निघालं म्हणे गिन्नीचं?

“नाणं अमेरिकेचं आहे,” गार्गीनं मान ताठ ठेवून सांगितलं. “आरसा आमच्या घरचा आहे.”

भैय्याजींना काही कळलं नाही. त्यांनी पुढच्या गिऱ्हाइकाचे गहू ओतले.